प्लाझ्माने उत्प्रेरक कसा बनवायचा आणि कसा बदलायचा: बडोद्यातल्या छोट्या लॅबसाठी सविस्तर मार्गदर्शन

बडोद्यात उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट नाही. १९६२ ची खतांची जीएसएफसी, १९६५ पासून चालणारी कोयलीची रिफायनरी, १९६९ ची पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल, ही सगळी मंडळी शेवटी कुठल्या ना कुठल्या उत्प्रेरकाच्या जिवावर चालली. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत यांपैकी कुठेतरी शिफ्ट केलेले एक तरी काका असतात आणि ते ‘कॅटॅलिस्ट चेंज’च्या शटडाउनच्या गोष्टी रंगवून सांगतात. पण ड्रममधून आलेल्या गोळ्या रिअॅक्टरमध्ये भरणं वेगळं आणि त्या गोळीवरचा धातूचा कण आपल्याला हवा तसा घडवणं वेगळं. हा लेख दुसऱ्या कामाबद्दल आहे. एमएस युनिव्हर्सिटीत एमएस्सीचा प्रबंध किंवा पीएचडी सुरू करणाऱ्यांसाठी, आणि मकरपुरा-नंदेसरी औद्योगिक वसाहतींतल्या ज्या छोट्या युनिटमध्ये एखादा केमिस्ट थोडा प्रयोग करायला मोकळा आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. प्लाझ्माने उत्प्रेरक ‘सुधारला’ असा दावा करायला दोन नमुने पुरत नाहीत, तीन लागतात. पहिला नेहमीच्या भट्टीतला, दुसरा प्लाझ्मातला, आणि तिसरा असा की जो प्लाझ्माच्या वेळी पावडर जितकी तापली नेमक्या तितक्याच तापमानाला, तितकाच वेळ, त्याच वायूत, पण प्लाझ्माशिवाय ठेवलेला. हा तिसरा नमुना बहुतेक जण करतच नाहीत. मग व्हायव्हाला परीक्षक विचारतो, ‘हे नुसत्या उष्णतेने झालं नाही कशावरून?’ आणि उत्तर नसतं.

प्लाझ्मा इथे नेमकं काय करतो

वायूला पुरेसं विजेचं क्षेत्र दिलं की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात; असा वायू म्हणजे प्लाझ्मा. आपल्या कामाच्या ‘थंड’ प्लाझ्मात इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १ ते १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे तापमानाच्या भाषेत सुमारे ११,६०० केल्विन. पण इलेक्ट्रॉन इतके हलके की ते वायूच्या रेणूंना फारशी उष्णता देत नाहीत, त्यामुळे वायू खोलीच्या तापमानापासून शे-दोनशे अंशांपर्यंतच राहतो. धातूचा क्षार फोडायला, पृष्ठभागावरचा ऑक्सिजन काढायला, नायट्रोजन घुसवायला लागणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन देतात आणि सपोर्ट, म्हणजे ज्यावर धातूचे कण बसतात तो सच्छिद्र पदार्थ, मात्र भाजला जात नाही.

नेहमीच्या पद्धतीत निकेल नायट्रेट लावलेला अॅल्युमिना ५०० °से.ला भाजतात, मग हायड्रोजनमध्ये ५००-७०० °से.ला क्षपण करतात, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू करतात. त्या उष्णतेत निकेलचे छोटे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग कमी होतो. ड्राय रिफॉर्मिंगसारख्या (मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या) अभिक्रियेत मोठ्या कणांवर कार्बन साचण्याचं प्रमाणही वाढतं. चीनच्या तिआनजिन विद्यापीठात चांग-जुन लिउ यांच्या गटाने आर्गॉन ग्लो डिस्चार्ज वापरून निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम यांच्या उत्प्रेरकांवर बरंच काम केलं, ते याच अडचणीतून.

आर्गॉन प्लाझ्माने कुठला धातू थेट क्षपित होईल याचा अंदाज प्रमाण क्षपण विभवावरून येतो; तो जितका जास्त तितका क्षाराचा धातू सहज होतो. सोनं १.५०, पॅलेडियम ०.९५, चांदी ०.८० व्होल्ट, हे आर्गॉनमध्येच धातू होतात, हायड्रोजन लागत नाही. निकेल उणे ०.२५ व्होल्टवर आहे. आर्गॉन त्याचा नायट्रेट फोडून ऑक्साइड करेल, धातू करणार नाही. त्यासाठी हायड्रोजनचा प्लाझ्मा किंवा नंतर सौम्य भट्टी हवी. एवढं कळलं तरी निम्मे चुकीचे प्रयोग वाचतात.

कुठला प्लाझ्मा निवडायचा

छोट्या लॅबला खऱ्या अर्थाने दोनच पर्याय आहेत. एक, डायइलेक्ट्रिक बॅरिअर डिस्चार्ज, म्हणजे डीबीडी: दोन इलेक्ट्रोडमध्ये काच किंवा क्वार्ट्झचा अडसर, उच्च व्होल्टेजची एसी वीज, वायू साध्या वातावरणीय दाबाला. वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये ओझोन बनवायला हीच रचना वापरली होती. दोन, कमी दाबाचा ग्लो डिस्चार्ज: रोटरी पंपाने १००-२०० पास्कलपर्यंत खाली आणलेला आर्गॉन आणि सुमारे १ किलोव्होल्ट डीसी.

अॅल्युमिना, सिलिका, टायटानिया, सिरिया (सेरियम ऑक्साइड), झिओलाइट असे विद्युतरोधक सपोर्ट असतील तर डीबीडी घ्या. पंप नाही, गेज नाही, तेल बदलणं नाही. सक्रिय कार्बन, ग्राफीन, कार्बन ब्लॅक असेल तर डीबीडीच्या वाटेला जाऊ नका. वाहक पावडर फटीत गेली की डिस्चार्ज एका जागी गोळा होतो, नळीला भोक पडायचा धोका, आणि उरलेली पावडर कोरी राहते. कार्बनला कमी दाबाचा ग्लो किंवा १३.५६ मेगाहर्ट्झचा आरएफ (रेडिओ-फ्रिक्वेन्सी) प्लाझ्माच बरा.

प्लाझ्मा टॉर्च आणि आर्क हे वेगळं जग आहे. तिथे वायूच हजारो अंशांवर असतो, त्यातून धातूंची नॅनोपावडर बनते, आणि हे काम टेबलावर करायचं नसतं. आर्क, आरएफ, मोठ्या व्हॅक्यूम चेंबरचं काही हवं असेल तर गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. १९८२ मध्ये प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९८६ पासून स्वतंत्र संस्था आहे. तिचा उद्योगांसाठी काम करणारा विभागही गांधीनगरमध्येच आहे. बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, त्यामुळे जे यंत्र वर्षातून दोनदा लागणार ते विकत घेण्याचा हट्ट धरू नये.

डीबीडी रिअॅक्टर बनवणं

मापं देतो, ती तशीच घेतली तर चालतात. क्वार्ट्झची नळी, बाहेरचा व्यास १२ मिमी, आतला १० मिमी, लांबी २५० मिमी. मधोमध ६ मिमी जाडीची स्टेनलेस स्टीलची सळई. म्हणजे चहूबाजूंनी २ मिमीची फट. नळीच्या बाहेरून ४० मिमी रुंदीची स्टीलची जाळी घट्ट गुंडाळून पट्टीने आवळायची. डिस्चार्ज फक्त या ४० मिमीच्या पट्ट्यात होतो. तिथलं आकारमान सुमारे २ मिलि, त्यात अॅल्युमिनाचे दाणे एक ग्रॅमहून थोडे जास्त बसतात. दोन्ही टोकांना टेफ्लॉनच्या टोप्या, त्यांतून सळई आणि वायूची नळी आत-बाहेर.

सळई बरोबर मध्यावर असणं हेच या कामातलं कसब. अर्धा मिमी सरकली तरी एका बाजूला फट १.५ आणि दुसऱ्या बाजूला २.५ होते, डिस्चार्जचे सगळे तंतू, म्हणजे बारीक ठिणग्या, अरुंद बाजूला पेटतात. मकरपुरा जीआयडीसीत टोप्या लेथवर करून घ्या आणि मिस्त्रीला नुसता ‘सेंटर काढ’ म्हणू नका. दोन्ही टोप्यांची भोकं एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा. गुजरातीत सांगितलंत तर बरं, ‘बेउ साथे’ (दोन्ही एकत्र) म्हटलं की त्याला लगेच कळतं. क्वार्ट्झऐवजी बोरोसिलिकेट काच स्वस्त पडते आणि सरावाला ठीक आहे, पण तापल्यावर तडकते.

उच्च व्होल्टेज सळईला द्या, जाळी अर्थिंगला. उलटं केलं तरी प्लाझ्मा पेटतो, पण मग हाताला लागणारी बाहेरची बाजू किलोव्होल्टवर असते. जाळी आणि अर्थिंग यांच्या मध्ये १०० नॅनोफॅरडचा एक चांगला फिल्म कपॅसिटर टाका. तो कशाला ते पुढे येईल.

वीज कुठून? जुन्या नियॉन पाटीचा ट्रान्सफॉर्मर आणि डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) ही जोडी स्वस्तात मिळते आणि इंटरनेटवर सगळे तीच सुचवतात. ती ५० हर्ट्झवर चालते. डीबीडीत दर आवर्तनाला ठरावीक ऊर्जा सुटते. समजा ती २ मिलिज्यूल आहे, तर १० किलोहर्ट्झवर २० वॅट मिळतात आणि ५० हर्ट्झवर ०.१ वॅट. ०.१ वॅटने पावडरीला काही होत नाही, नुसता निळसर उजेड दिसतो. त्यामुळे ओझोन जनरेटरसाठी मिळणारा १०-२० किलोहर्ट्झचा, व्होल्टेज कमीजास्त करता येणारा सप्लाय घ्या. हवेत २ मिमीच्या फटीला पेटायला साधारण ७-८ किलोव्होल्ट लागतात, आर्गॉनमध्ये बरेच कमी.

पॉवर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

सप्लायच्या डब्यावरचा वॅटचा आकडा प्लाझ्मात गेलेली ऊर्जा सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर तापतो, तारा गळतात, त्यात बरंच जातं. म्हणून तो १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. त्याच्यावरचा व्होल्टेज गुणिले धारिता म्हणजे वाहिलेला विद्युतभार. ऑसिलोस्कोपच्या एका चॅनलला १००० : १ च्या हाय-व्होल्टेज प्रोबमधून सळईचा व्होल्टेज, दुसऱ्याला कपॅसिटरचा. एक्स-वाय मोडमध्ये टाकलं की पडद्यावर तिरका समांतरभुज चौकोन दिसतो. त्याला लिसाजू आकृती म्हणतात. चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे एका आवर्तनाची ऊर्जा, आणि ती गुणिले वारंवारता म्हणजे प्लाझ्मातली पॉवर.

आकृती चौकोनाऐवजी बदामासारखी फुगलेली दिसली तर डिस्चार्ज सगळीकडे सारखा पेटलेला नाही किंवा सप्लायच तापून व्होल्टेज सोडतोय. नुसती तिरकी रेघ दिसली तर प्लाझ्मा पेटलेलाच नाही, जे दिसतंय ते कपॅसिटरचं येणं-जाणं. प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ही आकृती साठवून ठेवा. पावडरीची ओल उडून गेल्यावर ती बदलते, आणि ते पाहणं हाच पुष्कळदा खरा निकाल असतो.

क्षार लावणं: ५ टक्के निकेल, १० ग्रॅम

गॅमा अॅल्युमिनाचे २५० ते ४२५ मायक्रॉनचे दाणे चाळून घ्या. बारीक पीठ वायूबरोबर उडतं, जाड दाणे २ मिमीच्या फटीत अडकतात. दाणे १२० °से.ला रात्रभर वाळवा. मग १ ग्रॅम दाणे बशीत घेऊन ड्रॉपरने थेंब-थेंब पाणी घाला, हलवत राहा. दाणे एकमेकांना चिकटायला लागले की थांबा. तेवढं पाणी म्हणजे छिद्रांची क्षमता. समजा ती ०.५ मिलि निघाली.

९.५ ग्रॅम अॅल्युमिनावर ०.५ ग्रॅम निकेल बसवायचं आहे. निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेटचा रेणुभार २९०.८, निकेलचा अणुभार ५८.७, म्हणून २.४८ ग्रॅम क्षार. तो विरघळवून द्रावणाचं एकूण आकारमान ४.७५ मिलि करा. पाणी ४.७५ मिलि घ्यायचं नाही, कारण क्षारालाही जागा लागते आणि त्यातही पाणी आहे. द्रावण थेंबाने घालत दाणे सतत फिरवा. चार तास झाकून ठेवा.

वाळवताना घाई नको. पाणी बाहेरून उडतं आणि आतलं द्रावण स्वतःबरोबर क्षार ओढत पृष्ठभागाकडे येतं, ओल्या भिंतीला खार फुटतो तसं. शिवाय हा क्षार ५७ °से.च्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतो. आधी खोलीत पसरून, मग ४०-५० अंशांवर, आणि शेवटी ११० °से.ला असं टप्प्याने वाळवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे वाळलेले दाणे बाहेर राहिले तर तासाभरात पुन्हा ओलावतात. डेसिकेटरमध्येच ठेवा. निकेलचे क्षार कर्करोगकारक आहेत. हातमोजे, मास्क, आणि वजन फ्यूम हूडमध्ये. यात तडजोड नाही.

या १० ग्रॅममधूनच तिन्ही नमुने काढायचे. वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या क्षारांची तुलना करून काही सिद्ध होत नाही.

नायट्रेट फोडणं

नळीत एका टोकाला क्वार्ट्झ वूल, मग १ ग्रॅम दाणे जाळीखालच्या पट्ट्यात, मग पुन्हा वूल. सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघा. आर्गॉन ५० मिलि प्रतिमिनिट, दहा मिनिटं नुसता सोडा, म्हणजे हवा निघून जाईल. बाहेर पडणारा वायू १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या बाटलीतून सोडा. नायट्रेट फुटताना तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड येतो, तो श्वासात जाता कामा नये. रिअॅक्टर आणि कॉस्टिक यांच्या मध्ये एक रिकामी बाटली ठेवा. प्लाझ्मा बंद झाला, वायू थंड होऊन आकसला, की कॉस्टिक उलटं ओढलं जातं. ते तापलेल्या क्वार्ट्झवर आलं तर नळी आणि नमुना दोन्ही गेले.

व्होल्टेज हळूहळू वाढवा. आधी जाळीच्या कडेला एखादा जांभळट ठिपका, मग दाण्यांच्या मधून बारीक तंतू, मग सगळा पट्टा भरून येतो. खोली अंधारी करून एकदा पूर्ण पाहून घ्या. एखादा तंतू एकाच जागी पांढराशुभ्र जळत असेल तर लगेच बंद करा, तिथे सळई सरकली आहे. सगळं सारखं दिसलं की २० वॅटवर स्थिर करा.

आता तापमान. सळई किलोव्होल्टवर आहे, त्यामुळे साधा थर्मोकपल आत घालायचा नाही, मीटरसकट माणूस धोक्यात येतो. फायबर-ऑप्टिक प्रोब मिळाला तर उत्तम. नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीच्या कडेला नळीचं तापमान घ्या, आणि प्लाझ्मा बंद करून, सळईला अर्थिंग रॉड लावून, दहा-पंधरा सेकंदांत थर्मोकपल दाण्यांत खुपसून दुसरा आकडा घ्या. दाणे बाहेरच्या नळीपेक्षा जास्त तापलेले असतात. निकेल नायट्रेट नुसत्या उष्णतेने २०० अंशांच्या पुढे फुटू लागतो. म्हणजे दाणे २५० ला पोचले असतील तर तुम्ही महागडी भट्टी चालवताय. पॉवर कमी करा, टेबलफॅन लावा, किंवा दहा मिनिटं चालू-पाच मिनिटं बंद असं करा. दाणे १५० अंशांच्या खाली राहिले तर निकालात दम आहे.

एकूण तीस मिनिटं प्लाझ्मा पुरेसा असतो का, हे कॉस्टिकच्या आधीच्या रिकाम्या बाटलीतला तपकिरी रंग सांगतो. तो विरळ होत नाहीसा झाला की बहुतेक काम झालं. दाण्यांचा फिका हिरवा रंग करडा-काळपट होतो. बाहेर काढून दाणे फोडून बघा. आत हिरवा गाभा दिसला तर अजून वेळ द्या. प्लाझ्मा मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांत शिरत नाही, आत पोचतात ते फार तर काही क्षण टिकणारे मूलक (रेणूंचे अतिक्रियाशील तुकडे) आणि उष्णता. त्यामुळे मधेच एकदा दाणे काढून ढवळून पुन्हा भरणं फायद्याचं.

क्षपण

निकेलसाठी दोन वाटा. आर्गॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन घालून त्याच नळीत पुन्हा प्लाझ्मा, किंवा फुटलेला नमुना भट्टीत हायड्रोजनमध्ये. मी पहिल्यांदा दुसरी वाट घ्यायला सांगतो. त्यामुळे फक्त नायट्रेट फोडण्याची पायरी बदलते, बाकी सगळं तेच राहतं, आणि फरक कशामुळे पडला हे ठामपणे सांगता येतं. दोन्ही पायऱ्या एकदम प्लाझ्मात केल्या की गुंता होतो.

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या मोठ्या पट्ट्यात पेटतो आणि आपल्या रिअॅक्टरमध्ये ठिणग्यांशिवाय दुसरं काही नाही. ५ टक्क्यांचं मिश्रणसुद्धा ज्वलनशील समजूनच वागा. आधी आर्गॉनने हवा पूर्ण काढायची, मग मिश्रण, मग प्लाझ्मा; बंद करताना याच्या बरोबर उलट क्रम. शेवटी नमुना थेट हवेत काढू नका. बारीक निकेल हवा लागताच तापतं, प्रसंगी पेटतं. नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन घालून तासभर सोडलं की वर पातळ ऑक्साइडचा थर बसतो आणि नमुना हाताळता येतो.

हात बसवायला मात्र निकेलपेक्षा चांदी सोपी. सिल्व्हर नायट्रेट लावलेले पांढरे अॅल्युमिनाचे दाणे आर्गॉन प्लाझ्मात काही मिनिटांत करडे-तपकिरी होतात, हायड्रोजनचा प्रश्नच नाही. उजेडानेही चांदी काळवंडते, म्हणून शेजारी त्याच दाण्यांचा एक भाग काळ्या कागदात आणि एक भाग उघड्यावर ठेवा. इथेही नियंत्रण नमुना सुटत नाही.

असलेल्या उत्प्रेरकात बदल करायचा असेल तर

टायटानिया किंवा सिरियावर हायड्रोजन-आर्गॉन प्लाझ्मा दिला की पृष्ठभागावरचे काही ऑक्सिजन अणू निघतात आणि रिक्त जागा राहतात. पांढरा टायटानिया राखाडी, कधी काळपट होतो. या जागाच पुढे रेणू पकडतात. अडचण अशी की हवेत ठेवल्यावर त्या भरून येतात. म्हणून मोजमाप त्याच दिवशी, नाहीतर नमुना आर्गॉनमध्ये सील.

कार्बनमध्ये नायट्रोजन घालायला नायट्रोजन किंवा अमोनियाचा कमी दाबाचा प्लाझ्मा वापरतात, मुख्यतः इंधनघटातल्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडसाठी. पावडर क्वार्ट्झच्या होडीत (लांबट उथळ भांड्यात) १ मिमीपेक्षा पातळ पसरा, दर दहा मिनिटांनी ढवळा. पंप एकदम उघडला तर सगळी पावडर उडून पंपात जाते, म्हणून नीडल व्हॉल्व्हने सावकाश. आणि ऑक्सिजनचा प्लाझ्मा करायचा असेल तर साध्या खनिज तेलाच्या रोटरी पंपातून शुद्ध ऑक्सिजन ओढू नका. तेलाचा स्फोट होऊ शकतो. त्यासाठी फ्लोरिनयुक्त तेलाचा पंप लागतो.

एमसीएम-४१ किंवा एसबीए-१५ या सच्छिद्र सिलिकांमधला सेंद्रिय साचा ५५० °से.ला जाळण्याऐवजी हवेच्या डीबीडीने काढता येतो, आणि कोक (कार्बनचा थर) बसलेला उत्प्रेरक ऑक्सिजन प्लाझ्माने साफ करता येतो. दोन्हींत ओझोन निघतो. त्याची मर्यादा हवेत ०.१ पीपीएम आहे, आणि वास यायला त्याहून कमी पुरतो. म्हणून वास आला की खिडकी उघडत बसू नका. आधी सप्लाय बंद, मग गळती शोधा.

झालं का, हे कसं कळणार

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाची चाचणी, पहिली. तांब्याच्या किरणांवर निकेलची शिखरं ४४.५, ५१.८ आणि ७६.४ अंशांवर येतात. सगळे जण ४४.५ चं शिखर घेतात, कारण ते उंच असतं. पण गॅमा अॅल्युमिनाचं रुंद शिखर ४५.८ च्या आसपास आहे, दोन्ही मिसळतात आणि कण आहे त्यापेक्षा लहान दिसतो. अहवालात ‘प्लाझ्माने ४ नॅनोमीटरचे कण’ असं छापून येतं आणि ते अॅल्युमिनाचं कौतुक असतं. ५१.८ चं घ्या. समजा त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी १ अंश, म्हणजे ०.०१७४५ रेडियन. शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात ०.९ गुणिले ०.१५४ नॅनोमीटर, भागिले ०.०१७४५ गुणिले कोसाइन २५.९ अंश. उत्तर सुमारे ८.८ नॅनोमीटर. यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली की थोडं वाढेल. निकेलचं शिखर दिसलंच नाही तर कण फार लहान आहेत, किंवा क्षपणच झालेलं नाही. या दोन शक्यतांत फरक करायला टीपीआर, म्हणजे हळूहळू तापवत किती हायड्रोजन खर्च होतो ते मोजणारी चाचणी, लागते.

क्रियाशीलता तपासायला प्रत्येकाला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि रिअॅक्टर मिळेल असं नाही. चांदी, सोनं, पॅलेडियमसाठी ४-नायट्रोफिनॉलची चाचणी उत्तम आहे. सोडियम बोरोहायड्राइड घातलं की द्रावण पिवळंजर्द होतं, ४०० नॅनोमीटरवर शिखर. उत्प्रेरक टाकला की ते उतरत जातं आणि ३०० च्या आसपास अमिनोफिनॉलचं शिखर उगवतं. यूव्ही-व्हिजिबल यंत्र बऱ्याच कॉलेजांत असतं. निकेलसाठी कार्बन डायऑक्साइडचं मिथेनीकरण घ्या: एकास चार हायड्रोजन, २५०-४०० °से. तुलना मात्र रूपांतरण १५-२० टक्क्यांच्या खाली ठेवूनच. ९० टक्के रूपांतरणावर चांगला आणि मध्यम उत्प्रेरक सारखेच दिसतात.

तिन्ही नमुन्यांचे निकाल शेजारी मांडा. प्लाझ्माचा नमुना आणि त्याच तापमानाचा भट्टीतला नमुना सारखेच निघाले, तर श्रेय कमी तापमानाचं आहे, प्लाझ्माचं नाही. हेही छापण्याजोगं उत्तर आहे, आणि कारखान्याच्या दृष्टीने जास्त उपयोगी, कारण भट्टी त्यांच्याकडे आधीच आहे.

कारखान्यात परवडेल का

हिशोब करून टाकू. २० वॅट, तीस मिनिटं, म्हणजे ३६ किलोज्यूल, तेही १ ग्रॅमला. किलोला ३६ मेगाज्यूल, म्हणजे १० युनिट वीज, आणि ही फक्त प्लाझ्मात गेलेली; सप्लायचं नुकसान आणि आर्गॉन वेगळा. ५० मिलि प्रतिमिनिटाने तीस मिनिटांत दीड लिटर आर्गॉन, तोही ग्रॅममागे. टनावारी लागणाऱ्या निकेलच्या रिफॉर्मिंग उत्प्रेरकाला हे गणित जमत नाही, कोणी कितीही सादरीकरण करो. पॅलेडियम, प्लॅटिनमचं वेगळं. तिथे धातूच इतका महाग की त्याचा पृष्ठभाग थोडा वाढला तरी वीज आणि वायूचा खर्च निघू शकतो, आणि औषधी कारखान्यांना तो लागतोही किलोच्या हिशोबात. ५०० अंश न सोसणारे सपोर्ट हे दुसरं योग्य ठिकाण.

मोठं करायचं म्हणजे जाड नळी घ्यायची असं नाही. फट २ मिमीच राहिली पाहिजे. त्यामुळे एकतर अशा अनेक नळ्या एकत्र, किंवा फिरता ड्रम, किंवा खालून वायू देऊन दाणे तरंगते ठेवणारी रचना. ड्रममध्ये दाणे घासून धूळ होते, म्हणून गोळीची मजबुती आधी तपासा. नळ्या जोडल्या तर प्रत्येक नळीला स्वतंत्र मोजणारा कपॅसिटर लावा, नाहीतर एकीत सगळी पॉवर आणि बाकीच्या नुसत्या उजळलेल्या, हे बाहेरून कळत नाही.

सामान घ्यायचा क्रम: आधी अर्थिंग रॉड, दारावरचा कटऑफ स्विच आणि अतिनील किरणं अडवणारा चष्मा, कारण क्वार्ट्झ ती किरणं आरपार सोडतो. मग हाय-व्होल्टेज प्रोब, मग सप्लाय, मग नळ्या, निदान चार. आर्गॉनवर चांदीचा प्रयोग तिन्ही नमुन्यांसह नीट पुन्हा पुन्हा जमू लागला की मगच हायड्रोजनच्या मिश्रणाचं सिलिंडर मागवा, आणि ते ठेवायची जागा खोलीबाहेर, साखळीने बांधलेली, आधी तयार असू द्या. निकेलचं धुवण आणि वापरलेले दाणे सिंकमध्ये नाहीत. वेगळ्या डब्यात, नाव-तारीख लिहून, घातक कचऱ्याच्या अधिकृत यंत्रणेकडे.